जांघेतली गाठ आत जाईना, तेव्हा

वाळपई : वडील ६८ वर्षांचे. चवथीला गणपतीवरची माटोळी (फळाफुलांची चौकट) बांधताना जांघेतली गाठ उतरली, रात्रभर आत गेली नाही, पहाटे आपोआप गेली. पुन्हा तसं झालं तर तेल लावून दाबावी का?

नको. ही गाठ म्हणजे हर्निया, पोटाच्या भिंतीतल्या फटीतून आतडं बाहेर येतं. गाठीच्या अरुंद तोंडाशी आतडं आवळलं की आधी पातळ भिंतीच्या शिरा दबतात. रक्त येत राहतं, परत जात नाही. आतडं सुजतं आणि फास आणखी घट्ट होतो. शेवटी धमनीही बंद पडते. साधारण सहा तासांत आतडं कुजू लागतं, कधी त्याआधीही. जोराने दाबलं तर काळं पडलेलं आतडं पोटात जातं, किंवा फासासकट अख्खी पिशवी आत सरकते. बाहेरून गाठ गेलेली दिसते, फास मात्र तसाच!

गाठ टणक झाली, दुखू लागली, खोकल्यावर तिला धक्का बसेना, तर उजाडायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. वाळपईहून बांबोळीच्या गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पोचायलाच तासभर तरी जातो. तोवर पाणी, चहा, पेज काही नको, कारण भूल देताना उलटी फुफ्फुसात जाऊ शकते. एरंडेल तर मुळीच नको. गाठ किती वाजता अडकली, शेवटचं खाणं कधी झालं, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे चिठ्ठीवर लिहून न्या. पहाटे गाठ आत गेली हे नशीब. आता ठरवून ऑपरेशन करून घ्या.

फोंडा : आईला उलट्या, पोट फुगलेलं. सगळे पित्त म्हणतात. जांघेत बोराएवढी गाठ आहे, पण ती दुखत नाही.

आजच दाखवा. बायकांत जांघेच्या घडीखाली येणाऱ्या हर्नियाचं तोंड फार अरुंद असतं, आणि लहान गाठच जास्त दगा देते. कधी आतड्याची फक्त एक कड अडकते. तेव्हा शौचाला होतं, वारा सरतो, आणि घरचे निर्धास्त राहतात.

पेडणे : दुखणं अचानक थांबलं तर सुटलं म्हणायचं?

गाठ तशीच असेल तर नाही. आतडं मेलं किंवा फुटलं की कळ थोडा वेळ उतरते. मग ताप, धडधड, पोट फळीसारखं कडक.

डिचोली : आतडं कापावंच लागतं का?

दर वेळी नाही. फास सोडवून आतडं कोमट सलाइनच्या ओल्या कपड्यात काही मिनिटं ठेवतात. गुलाबी झालं, चमक आली, हालचाल दिसली तर परत आत ठेवतात. काळं, निस्तेज राहिलं तर तेवढा भाग कापून टोकं जोडतात.