अक्कांचा डबा

चि. सानू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, लंडनला सगळे उठसूट थँक्यू म्हणत होते. इथं मी शेजारच्या अक्कांना म्हटलं तर आजी म्हणाली, घरच्या माणसाला कसलं गं थँक्यू? मग आपण मराठी माणसं आभार मानतच नाही का?" मी 'सांगतो नंतर' म्हणून फोन ठेवला. खरं तर तेव्हाच मला नाताळात पाहिलेलं ट्रफाल्गर स्क्वेअरमधलं झाड आठवलं होतं.

रीजंट स्ट्रीटवरचे पंख पसरलेले दिव्यांचे देवदूत बघून तुमच्या माना दुखल्या होत्या. त्यानंतर हे झाड. वरून खाली सरळ सोडलेल्या दिव्यांच्या माळा, बस्स. ओम म्हणाला, "एवढंच?" गड्ड्याची, आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेची, रोषणाई बघत वाढलेला पोरगा तो! थंडी मरणाची, तुम्हाला भूक लागलेली. आजीनं दिलेल्या शेंगापोळ्या कारंज्यापाशी उभ्या उभ्या खाल्ल्या आणि निघालो. झाडाची गोष्ट सांगायची राहूनच गेली.

ते झाड लंडनचं नाही. नॉर्वेतल्या ओस्लो शहरानं ते पाठवलेलं असतं. 1940 मध्ये जर्मनीनं नॉर्वे घेतला, तेव्हा तिथला राजा आणि सरकार लंडनला आश्रयाला आले. त्या मदतीची आठवण म्हणून 1947 पासून दर वर्षी तिकडच्या जंगलातलं वीस मीटरहून उंच झाड समुद्र ओलांडून येतं. माळाही नॉर्वेच्या रीतीच्या, म्हणून इतक्या साध्या. युद्ध बघितलेली माणसं आता फारशी उरली नाहीत, तरी झाड येतंच.

आता आपल्या ओट्यावरचा अक्कांचा स्टीलचा डबा आठव. मी सहावीत असताना आजोबा दोन महिने अंथरुणाला खिळले होते. आजी त्यांच्याजवळ दवाखान्यात, आणि रोज संध्याकाळी अक्कांकडून डबा यायचा. त्यांचं मराठी तेलुगू वळणाचं, आमचं तेलुगू शून्य. आजी त्यांना 'आभारी आहे' म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. पण तो डबा आजवर आपल्या घरातून रिकामा गेला नाही. कधी शेंगाचटणी, कधी कडक भाकरी, काहीच नसलं तर मूठभर साखर. चाळीस वर्षं झाली, डबा अजून ये-जा करतोय.

ओमचा हातमोजा पडला तेव्हा एक बाई गर्दीतून धावत आल्या होत्या. तू त्यांना थँक्यू म्हणालीस ते अगदी बरोबर केलंस. त्या पुन्हा कुठं भेटणार? तिथं शब्दच द्यायचा असतो. अक्का मात्र उद्या सकाळीही दारात दिसणार. शब्दानं हिशेब मिटल्यासारखा होतो, आणि आजीला तो मिटवायचाच नाही. तिला राग आला तो यामुळे, तुझ्यावर नाही.

तरी एक सांगतो. या रीतीत बोलायचं राहून जातं. माझ्या शिक्षणासाठी आजीनं पाटल्या मोडल्या, आणि मी तिला त्याबद्दल आजवर एक शब्द बोललेलो नाही. विमानतळावर निघताना वाकून नमस्कार केला, तेवढाच. तिला तो कळला असेल असं मी धरून चाललोय. तेव्हा आजी काही म्हणो, तुझ्या तोंडी शब्द आला तर गिळू नकोस.

आता गड्डा भरेल. सातही नंदीध्वज निघतील, पांढऱ्या बाराबंद्यांनी रस्ते भरतील. संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता टाकायला या वर्षीही अक्कांबरोबरच जा, गर्दीत त्यांचा हात सोडू नकोस. डबा आपल्याकडेच असेल तर भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी नि लेकुरवाळी भाजी घालून तूच घेऊन जा. ओमला पाठवू नकोस, तो दारातूनच पळेल. बस म्हणतील, तर बस.

तुझा,
बाबा