वाचकांचे प्रश्न : रेटिंग वाढलं की खेळाडू इतके पैसे का मागतो?

प्रश्न : एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या गेममध्ये फ्रँचायझी मोड (आपणच संघ चालवायचा तो) खेळतो. माझ्या २२ वर्षांच्या फॉरवर्डचा ओव्हरऑल (एकूण रेटिंग) एका मोसमात ८२चा ८५ झाला. पहिला करार संपत आलाय आणि वर्षाला साडेनऊ लाख डॉलरांवरून त्याची मागणी थेट ७० लाखांवर गेलीये. तीन अंकांना एवढे पैसे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : यातली बरीचशी उडी त्या तीन अंकांमुळे नाहीच. १८ ते २१ वयात सही करणाऱ्याचा पहिला करार नियमानेच ३ वर्षांचा असतो आणि मूळ पगारावर साधारण साडेनऊ लाखांचं झाकण असतं (बोनस वेगळा). रेटिंग कितीही चढलं तरी तोवर पगार हलत नाही. करार संपला की सगळी थकलेली वाढ एकदम बाहेर येते. त्यात वरच्या टोकाला अंक महाग असतात. ८०-८२चे खेळाडू प्रत्येक संघात ढिगाने मिळतात, ८८च्या पुढचे मोजकेच. म्हणून ७९चा ८२ होणं स्वस्त आणि ८५चा ८८ होणं फार महाग.

मागणी डॉलरमध्ये पाहू नका, कॅपच्या (संघाच्या एकूण पगारावरची मोसमाची मर्यादा) टक्क्यांत पाहा. २०२५-२६ची कॅप ९ कोटी ५५ लाख डॉलर, म्हणजे तुमचे ७० लाख झाले ७.३ टक्के. २०२६-२७ची कॅप १० कोटी ४० लाख आहे. तोच पगार तेव्हा ६.७ टक्के होतो. खऱ्या लीगमधला स्टार कॉनर मॅकडेव्हिडने २०१७ साली सही केली तेव्हा कॅप साडेसात कोटी होती, त्याचे वर्षाला सव्वा कोटी म्हणजे १६.७ टक्के. दुसरा स्टार किरिल काप्रिझोव्हचे २०२६-२७पासूनचे १ कोटी ७० लाख ऐकून डोळे फिरतात, पण ते १६.३ टक्केच भरतात. वाढत्या कॅपमध्ये लांब करार आपोआप स्वस्त होत जातो, आणि तरुण खेळाडूबाबत हाच तुमचा खरा फायदा.

आता वर्षं मोजा. २७वं वय किंवा ७ मोसम, जे आधी येईल त्यानंतर करार संपला की खेळाडू पूर्ण मोकळा होतो, म्हणजे कुठल्याही संघात जाऊ शकतो. तुमचा गडी १९व्या वर्षी खेळायला लागला असेल तर ३ मोसम झालेत. त्याला ४ वर्षं दिलीत तर २६व्या वर्षी, ऐन भरात, तो हातातून जाईल. म्हणून एकतर ३ वर्षं (तेव्हा तो अजून पूर्ण मोकळा झालेला नसतो) किंवा मिळेल तितका लांब करार. ४ मात्र नको. पोटेन्शियल (पुढे किती चढेल याचा अंदाज) वरचं असून त्याची खात्री ‘हाय’ दिसत असेल तर लांब जा. खात्री ‘लो’ असेल तर ३ वर्षंच द्या. स्वतःच्या खेळाडूला कमाल ८ वर्षं देता येतात, दुसऱ्या संघाच्या खेळाडूला ७. सप्टेंबर २०२६पासून खऱ्या लीगमध्ये हे आकडे ७ आणि ६ आहेत.

पुढच्या वेळी करार संपण्याची वाट पाहू नका. शेवटच्या वर्षाच्या १ जुलैपासून मुदतवाढीची बोलणी करता येतात. ८२वर असतानाच बसला असतात तर आकडा खाली राहिला असता. गोलांचा पाऊस पाडलेल्या मोसमानंतर बोलायला बसणं सगळ्यात महाग पडतं.

प्रश्न : ३१ वर्षांचा डिफेन्समन, ओव्हरऑल ८७, सात वर्षं मागतो. देऊ का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : देऊ नका. तिशीनंतर आधी वेग आणि अॅक्सिलरेशन उतरतं, मागोमाग ओव्हरऑल. कॅपवरचा आकडा मात्र तसाच राहतो. दरवर्षी ५-७ लाख जास्त द्या, पण वर्षं दोन-तीनवर आणा.

फसलात तर सुटकेचा हिशेब असा : २६ आणि त्यापुढच्या वयाला बायआउट केलं (पैसे देऊन करार मोडला) तर उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग दुप्पट वर्षांत फेडावा लागतो. वर्षाला ६० लाखांची ३ वर्षं उरली असतील तर १ कोटी ८० लाखांतले १ कोटी २० लाख, ६ वर्षं, दरवर्षी २० लाख. तो संघात नसताना. त्याआधी ट्रेड (दुसऱ्या संघाला देणं) करून पाहा. त्याचा निम्म्यापर्यंत पगार आपणच भरायचं कबूल करता येतं, म्हणजे घेणारा संघ मिळणं सोपं जातं.

प्रश्न : दोघांचा ओव्हरऑल ८२, एक स्नायपर, एक ग्राइंडर. पैसे सारखेच द्यायचे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. ओव्हरऑल खेळाडूच्या प्रकारानुसार मोजला जातो. ग्राइंडरचे ८२ चेकिंग (अंगाने धडक देऊन अडवणं) आणि ताकदीतून येतात, स्नायपरचे शॉटमधून. पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) कोण लागणार ते आधी ठरवा आणि त्या कामाचे गुण उघडून पाहा.

प्रश्न : १ जुलैला सगळेच मोकळे खेळाडू भरमसाट मागतात. काय करावं?
– एक वाचक, दापोली

उत्तर : हापूसची मोसमातली पहिली पेटी आणि मे अखेरची पेटी यांच्या भावात जो फरक, तोच इथे. इतर संघांची कॅप भरत जाते तसे तिसऱ्या-चौथ्या लाइनचे (दुय्यम फळीतले) खेळाडू खाली येतात; त्यांच्यासाठी थांबा. पहिल्या पसंतीचा गोली (गोलरक्षक) आणि पहिल्या जोडीचा डिफेन्समन मात्र पहिल्याच दिवशी घ्या, कारण असे मागे उरत नाहीत.

‘ईस्टसाइड हॉकी मॅनेजर’ खेळत असाल तर गणित बदलतं. तिथे गुण १ ते २० असतात, खरी क्षमता लपलेली असते आणि मागणी खेळाडूच्या नावलौकिकामागे जाते. कमी चर्चेच्या लीगमधला चांगला तरुण स्वस्तात मिळतो तो यामुळे.

आणि जून-जुलैत आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. बोलणी सुरू करण्याआधी वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करा. सेव्ह होता होता वीज गेली तर ती फाइल बिघडू शकते, म्हणून जुनी सेव्ह पुसू नका.