दक्षिण अटलांटिक महासागरातल्या ट्रिस्टन द कुन्हा या एकाकी ब्रिटिश बेटावरच्या लोकांना सरकार दुसरीकडे का हलवत नाही?

हलवलं होतं की! १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये गावाला लागूनच ज्वालामुखी फुटला. गाव म्हणजे एखाद्या वाडीएवढं, अडीचशेच्या थोडी वर माणसं. ती रात्र सगळ्यांनी बटाट्याच्या शेतांवर काढली. दुसऱ्या दिवशी बोटींनी शेजारच्या नाइटिंगेल बेटावर, मग केप टाउनमार्गे थेट इंग्लंड.

तिथे नोकऱ्या मिळाल्या, दुकानं, टीव्ही सगळं हाताशी आलं. आता ही मंडळी कशाला परत जातात, असा सरकारचा होरा. १९६२ च्या डिसेंबरात मतदान घेतलं, तर परत जायच्या बाजूने १४८ आणि विरोधात ५! पुढच्या वर्षी बहुतेक जण परतले. लाव्ह्याने लॉबस्टरचा कारखाना गिळला होता, घरं मात्र बरीचशी शाबूत होती.

हा हट्ट कुठून आला? मला विचाराल तर १८१७ च्या एका करारातून. नेपोलियन तेव्हा त्याच महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर ब्रिटिशांच्या कैदेत होता. त्याला सोडवायला कोणी ट्रिस्टनचा वापर करू नये म्हणून ब्रिटिशांनी १८१६ मध्ये इथे सैन्य ठेवलं आणि वर्षभरात काढूनही घेतलं. विल्यम ग्लास हा स्कॉटिश कॉर्पोरल बायकापोरांसह मागे राहिला, सोबत दोघे जण. त्यांनी लिहून ठेवलं: सगळ्यात सगळ्यांचा वाटा सारखा, कोणी कोणाच्या वरचढ नाही. आजही तिथली जमीन सामाईक आहे. बाहेरच्याला एक गुंठाही विकत मिळत नाही.

बाकीची वस्ती बरीचशी समुद्रानेच आणून टाकली. १८२७ मध्ये एकट्या पुरुषांशी लग्न करायला सेंट हेलेनाहून पाच बायका आल्या, तेवढंच काय ते ठरवून झालं. ग्रीन नावाचा डच खलाशी १८३६ मध्ये जहाज फुटून आला, इटलीचे रेपेट्टो आणि लाव्हारेल्लो १८९२ मध्ये तसेच. तीच मोजकी आडनावं अजून चालतात.

मी तिकिटं जमवतो, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४६ मध्ये बेटासाठी टपाल तिकिटाचा एक नमुना केला होता. त्यावर पेंग्विनचं चित्र आणि किंमत एक पेनी किंवा चार बटाटे! सरकारने तो काही मंजूर केला नाही. बेटाला अधिकृत तिकिटं मिळाली ती १९५२ मध्ये.

विमानतळ अजूनही नाही. केप टाउनहून बोटीने साधारण आठवडा लागतो, तोही समुद्र शांत असला तर. आणि जायचं तर बेटाच्या कौन्सिलची परवानगी आधी काढावी लागते.