लोकर डाव्या हातात धरताना

प्रश्न : मी नेहमी लोकर उजव्या हातात धरून विणते. दोन सुलट-दोन उलट अशा बॉर्डरला फार वेळ लागतो, म्हणून लोकर डाव्या हातात धरून पाहिली. सुलट ओळी बऱ्या येतात, पण उलट ओळी सैल पडतात आणि पुढच्या ओळीत टाके पिळलेले दिसतात. काय चुकते?

उत्तर : आधी पकड पाहा. गुंड्याकडून येणारी लोकर डाव्या करंगळीला एक वेढा देऊन, मधल्या दोन बोटांखालून तर्जनीवर घ्या. तर्जनी सुईच्या टोकापासून २-३ सेंटिमीटरवर असू द्या. बोट उंच उभारले की प्रत्येक टाक्यात जास्त लोकर जाते. लोकर निसटत असेल तर करंगळीला दोन वेढे द्या.

पीळ पडतो तो उलट टाक्यामुळे. लोकर पुढे घेऊन सुई टाक्यात उजवीकडून घातली की लोकर सुईवर वरून खाली यायला हवी. डाव्या हाताने विणताना ती सुईखालून ओढून घेणे फार सोपे वाटते, आणि तिथेच टाका उलटा बसतो. फासाची उजवी बाजू सुईच्या पुढे हवी, ती मागे जाते. असा टाका पुढच्या ओळीत नेहमीसारखा समोरून विणला की पिळतो. तो मागच्या बाजूने विणला तर सरळ होतो. काही जणी मुद्दाम अशाच विणतात. मात्र त्यात दोन टाके एकत्र विणून घट करताना तिरकेपणाची दिशा बदलते, म्हणून नवशिक्यांनी वरून खाली हीच सवय लावावी.

सैलपणासाठी वेढा देताना तर्जनी खाली झुकवून लोकर ताणून धरा. तरी फरक राहिला तर एक सुई १० नंबरची आणि दुसरी ११ नंबरची घ्या. उलट ओळीत ११ची, म्हणजे बारीक सुई उजव्या हातात ठेवा.

सरावाला फिक्या रंगाची लोकर आणि ८ नंबरच्या सुया घ्या. ३० टाके घालून आधी २० ओळी नुसत्या सुलट विणा, मग उलट ओळींकडे वळा. अर्ध्या झालेल्या स्वेटरवर हात बदलू नका, माप बदलते. नव्या स्वेटरचे टाके घालण्याआधी १० सेंटिमीटरचा नमुना विणून टाके मोजा.

प्रश्न : मग उजव्या हाताची पद्धत सोडून द्यायची का?

उत्तर : मुळीच नाही. स्कॉटलंडमधल्या शेटलंड बेटांच्या फेअर आयल नक्षीसारख्या दोनरंगी विणीत एकेक रंग एकेका हातात धरला की गुंता होत नाही. फक्त कोणता रंग कोणत्या हातात, हे शेवटपर्यंत बदलू नका. डाव्या हातातली लोकर सहसा दुसऱ्या रंगाच्या खालून येते आणि तिचे टाके जास्त उठून दिसतात, म्हणून नक्षीचा रंग डावीकडे धरा.