वाचकांचे प्रश्न : विवाह आणि कुटुंब थेरपीच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करताना

प्रश्न : मी पुण्यात मानसशास्त्र घेऊन तीन वर्षांची बी. ए. आणि त्यानंतर एम. ए. केले. लग्नानंतर एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे राहते. येथे ‘मॅरेज अँड फॅमिली थेरपी’ या विषयात मास्टर्स करावे असे वाटते. माझ्या पदव्या चालतील का आणि उद्देशपत्रात (अर्जासोबतच्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’मध्ये) काय लिहावे? माझी धाकटी बहीणही नाशिकहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर याच अभ्यासक्रमाला येऊ म्हणते. तिला काय सांगू?
— एक वाचक, सॅन होजे

उत्तर : उद्देशपत्राचा विचार करण्यापूर्वी परवान्याचा विचार करावा, कारण या क्षेत्रात केवळ पदवीच्या बळावर स्वतंत्रपणे काम करता येत नाही. कॅलिफोर्नियात हा परवाना बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस देते. त्यासाठी ६० सेमिस्टर युनिटांची, कायद्यातील सर्व विषय असलेली पदवी घ्यावी लागते, ‘असोसिएट’ म्हणून नोंदणी करून वरिष्ठांच्या देखरेखीखाली ३,००० तास काम करावे लागते आणि कायदा व नीतिमत्ता तसेच प्रत्यक्ष उपचार अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. हे तास किमान १०४ आठवड्यांवर पसरलेले असावे लागतात आणि त्यांतले किमान ५०० तास जोडपी, कुटुंबे व मुले यांच्यासोबतचे असावे लागतात. म्हणून विद्यापीठाला पहिला प्रश्न हाच विचारावा की, तुमची पदवी परवान्याच्या अटी पूर्ण करते का? कोॲम्फ्टी (COAMFTE) या अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता कॅलिफोर्नियात सक्तीची नाही आणि ती नसलेले चांगले अभ्यासक्रमही येथे आहेत; परंतु यजमानांच्या नोकरीमुळे उद्या टेक्सासला किंवा न्यू जर्सीला जावे लागण्याची शक्यता असेल, तर ती मान्यता असलेला अभ्यासक्रम निवडणे शहाणपणाचे, कारण प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत.

तीन वर्षांच्या बी. ए.वर काही विद्यापीठे हरकत घेतात, पण पुढे एम. ए. असल्यास ती बहुधा टिकत नाही. गुणपत्रिकांचे मूल्यांकन वेससारख्या संस्थेकडून विषयवार करून घ्यावे आणि पुण्याहून प्रमाणित गुणपत्रिका मागवण्याचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. एम. ए.मुळे प्रवेश सुकर होतो. अभ्यासक्रम लहान होईल अशी आशा मात्र धरू नये. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता बहुतेक ठिकाणी मागत नाहीत.

उद्देशपत्रात ‘लहानपणापासून सगळे माझ्यापाशी मन मोकळे करतात’ हे वाक्य टाळावे. निवड समितीने ते असंख्य वेळा वाचलेले असते. तुम्हाला एकटी व्यक्ती नव्हे, तर माणसांमधले नाते हा उपचाराचा विषय का वाटतो, हे तिला वाचायचे असते. या विचाराची पायाभरणी तुमच्या घरापासून जवळच, पालो आल्टो परिसरात, १९५०च्या दशकात ग्रेगरी बेटसन आणि डॉन जॅक्सन यांच्या गटाने केली. समजा, सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत, सून अबोल झाली आहे आणि मुलगा दोघींचे निरोप एकमेकींकडे पोहोचवतो आहे. सुनेला नैराश्य आले आहे एवढेच म्हणून थांबणारा अर्जदार आणि कोण कोणाशी कोणामार्फत बोलतो, त्या मध्यस्थीमुळे काय टिकून राहते, असे विचारणारा अर्जदार यांत समिती दुसऱ्याला पसंती देईल. स्वतःच्या घरातला अनुभव जरूर लिहावा, पण जो पुरेसा पचलेला आहे तेवढाच; आणि पुण्यात समुपदेशनाचे काम केले असल्यास कोणाचीही ओळख पटेल असा तपशील देऊ नये.

मुलाखत पुष्कळदा गटात होते आणि तिथे तुम्ही दुसऱ्याचे ऐकता कसे, याकडेही लक्ष असते. त्याआधी स्वतःच्या तीन पिढ्यांचा ‘जेनोग्राम’, म्हणजे कुटुंबातील नात्यांचा आराखडा, काढून पाहावा. आपल्याकडच्या कुलवृत्तांतात जन्म, विवाह आणि पदव्या असतात. जेनोग्राममध्ये मात्र कोणी कोणाशी बोलणे सोडले, व्यसन कोणाला होते, कोणाचे नाव घरात घेतले जात नाही, हेही मांडावे लागते. अभ्यासक्रमात हे करावे लागणारच आहे, आणि ते सोपे नसते.

आता व्हिसाविषयी. एच-४ वर शिकता येते. पगारी कामासाठी मात्र वेगळा कामाचा परवाना लागतो आणि तो यजमानांच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाच्या टप्प्यावर अवलंबून असतो. तो हाती नसेल, तर असोसिएट म्हणून तास कसे भरणार, हे शुल्क भरण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला विचारावे. विनावेतन काम केले की झाले, असे परस्पर गृहीत धरू नये. बहिणीची अडचण याहून मोठी आहे. हा विषय ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नसल्यामुळे तिला पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर काम करण्याच्या मुभेचे, १२ महिनेच मिळतील. शिक्षण चालू असताना केलेले १,३०० तासांपर्यंतचे काम कॅलिफोर्नियात धरले जाते, तरीही उरलेले तास त्या एका वर्षात बसवणे फार कठीण. शिवाय भारतात परतल्यास या पदवीवर भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी आपोआप मिळत नाही. ज्ञानासाठी येणार असेल तर तिने अवश्य यावे. मात्र त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढणार असेल, तर मी तिला थांबण्याचा सल्ला देईन.

प्रवेशाच्या माहितीसत्रात आणखी एक गोष्ट विचारायला विसरू नका : प्रात्यक्षिकाची जागा विद्यापीठ मिळवून देते की विद्यार्थ्याने शोधायची असते, आणि तिथे जोडपी व कुटुंबे खरोखर येतात का? काही ठिकाणी बहुतांश काम एकेकट्या व्यक्तींसोबतचेच असते, आणि मग ते ५०० तास भरताना दमछाक होते.