क्वालिटी इंजिनिअरने नोकरीत असतानाच स्वतःचा पर्सनल ब्रँड कसा उभा करावा?

तुम्ही विचारलं आहे : पिंपरी-चिंचवडमधल्या ऑटो पार्ट कंपनीत आठ वर्षं क्वालिटीत आहे, दोन वर्षांत स्वतःची कन्सल्टन्सी सुरू करायची आहे, ते नाही जमलं तर निदान वरची नोकरी हवी. पर्सनल ब्रँड बनव असं सगळे सांगतात, पण नेमकं करायचं काय?

आधी तुम्ही कोणासाठी काय करता हे सांगणारं एक वाक्य पक्कं करा. ते पक्कं होईपर्यंत लोगो, व्हिजिटिंग कार्ड, रील यांच्या मागे लागू नका. तुमच्या क्षेत्रात काम फोनवरून येतं. एखाद्या वर्कशॉपच्या मालकाकडे ग्राहकाची तक्रार आलेली असते, आठवड्याच्या आत ८डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल) मागितलेला असतो आणि तो ओळखीतल्या दुसऱ्या मालकाला फोन करतो, ‘हे करून देणारं कोणी आहे का?’ त्या वेळी तुमचं नाव निघायला हवं. ‘क्वालिटी कन्सल्टंट’ म्हणून कोणाचं नाव निघत नाही, कारण त्यात आयएसओच्या कागदांपासून फाइव्ह एसपर्यंत (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) सगळंच येतं आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात काहीच राहत नाही. याउलट ‘भोसरी-चाकणमधल्या छोट्या मशीनिंग व्हेंडरना तक्रारीचं मूळ कारण शोधून ८डी मंजूर करून घ्यायला मदत करतो’ हे वाक्य एक मालक दुसऱ्याला जसंच्या तसं सांगू शकतो. त्यात गिऱ्हाईक कोण, अडचण कोणती आणि भाग कोणता हे तिन्ही आहे.

वाक्य बरोबर जमलं का, हे तपासता येतं. ते पाच जणांना सांगा : एक जुना साहेब, एक परचेसवाला, दोन वर्कशॉप मालक आणि क्वालिटीशी संबंध नसलेला एक मित्र. दोन आठवड्यांनी त्यांनाच विचारा, ‘मी नक्की काय करतो, तुमच्या शब्दांत सांगा.’ तिघांनी ‘काहीतरी ऑडिटचं’ असं म्हटलं, तर वाक्य बदला. एवढं अरुंद केलं तर बाकीची कामं जातील, ही भीती सगळ्यांना वाटते. तसं होत नाही. ८डीसाठी बोलावलेल्या माणसाला दुसऱ्याच भेटीत गेज (मोजमापाची उपकरणं) आणि पीपीएपी (पार्टच्या मंजुरीसाठी ग्राहकाला द्यायची कागदपत्रं) यांबद्दल विचारतात. पण बोलावण्यासाठी आधी कारण एकच असावं लागतं.

यानंतर पुरावा. एक एक्सेल शीट उघडा आणि आठ वर्षांतली कामं आठवतील तशी लिहून काढा. रकाने पाच पुरेत : अडचण काय होती, आधीचा आकडा, तुम्ही स्वतः नेमकं काय केलंत, नंतरचा आकडा, आणि हे खरं आहे असं सांगू शकेल असा माणूस. तिसऱ्या रकान्यात ‘आम्ही’ लिहू नका. टीमचं काम असेल तर त्यातला तुमचा वाटा लिहा. पाचवा रकाना रिकामा राहिलेल्या ओळी सध्या बाजूला ठेवा. उरलेल्या आठ-दहा ओळी हे तुमचं खरं भांडवल. मुलाखतीत, प्रोफाइलवर आणि पहिल्या गिऱ्हाइकासमोर हेच वापरायचं आहे, त्यामुळे कन्सल्टन्सी झाली नाही तरी ही मेहनत वाया जात नाही.

इथेच सर्वात मोठा धोकाही आहे. हे आकडे आणि ड्रॉइंग कंपनीच्या किंवा तिच्या ग्राहकाच्या मालकीचे असतात. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, पीपीएम (दहा लाख नगांमागे सदोष किती), शॉपफ्लोअरचा फोटो यातलं काहीही जाहीर लिहायचं नाही. अपॉइंटमेंट लेटर काढून तीन गोष्टी वाचा : गोपनीयता, बाहेरचं काम करण्यावरची बंदी आणि सोशल मीडियाबद्दलचा नियम. कंपनीचा लॅपटॉप आणि ईमेल या कामासाठी वापरू नका. तुम्ही शिकवू शकता ती पद्धत, आणि ती बनावट आकड्यांवरही उत्तम शिकवता येते. फक्त ‘उदाहरणादाखल आकडे’ असं स्पष्ट लिहा.

लिहायचं काय, याचा एक नमुना देतो. गेज आर अँड आरचा अभ्यास (मोजणी किती भरवशाची आहे याची तपासणी) साधारणपणे १० नग, ३ तपासनीस आणि प्रत्येकी ३ वेळा मोजणी असा करतात, म्हणजे ९० मोजमापं. निकाल, म्हणजे एकूण फरकाच्या तुलनेत मोजणीमुळे आलेला फरक, १० टक्क्यांच्या खाली असेल तर मापनपद्धत चांगली, १० ते ३० मध्ये परिस्थिती पाहून चालवून घ्यायची, ३० च्या वर नापास. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण कित्येक वर्कशॉपमध्ये दहाही नग एकाच तासाच्या उत्पादनातून उचलतात. ते जवळजवळ सारखेच असल्यामुळे नगानगातला फरक फार कमी येतो. मग एकूण फरकाच्या तुलनेत काढलेली गेजची टक्केवारी फुगते आणि चांगलं मायक्रोमीटर नापास ठरतं. नग वेगवेगळ्या शिफ्टमधून आणि बॅचमधून, प्रक्रियेचा पूर्ण पसारा दिसेल असे निवडायला हवेत. ही एक गोष्ट मराठीत, २०० शब्दांत, हाताने काढलेल्या एका आकृतीसह लिहिलीत, तर वाचणाऱ्या मालकाचा नवीन गेजचा खर्च वाचू शकतो. तो तुमचं नाव विसरणार नाही.

असेच दुसरे विषय : ८डीच्या डी४ मध्ये (मूळ कारणाचा टप्पा) ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ आणि डी५ मध्ये (उपायाचा टप्पा) ‘ट्रेनिंग दिलं’ असं लिहिलेला रिपोर्ट परत का येतो. दोष तयार का झाला आणि तो आपल्या तपासणीतून सुटला कसा, ही दोन वेगळी कारणं का शोधावी लागतात. पीपीएपीच्या १८ बाबींपैकी लेव्हल ३ ला (ग्राहकाला किती कागद पाठवायचे याची एक पातळी) काय पाठवायचं आणि काय स्वतःकडे जपायचं. अशा २४ प्रश्नांची यादी सुरुवातीलाच करा. आठवड्याला एक पोस्ट धरली तर जवळपास सहा महिन्यांची सोय झाली. पहिल्या चार पोस्ट लिहून तयार असल्याशिवाय पहिली टाकू नका. रोज लिहायचा उत्साह तिसऱ्या आठवड्यात संपतो, आणि अर्धवट सोडलेलं प्रोफाइल रिकाम्या प्रोफाइलपेक्षा वाईट दिसतं.

आता हे टाकायचं कुठे? तुमचे वाचक दोन प्रकारचे आहेत आणि ते एका जागी भेटत नाहीत. मोठ्या कंपन्यांचे सप्लायर क्वालिटीवाले (पुरवठादारांच्या मालाची गुणवत्ता पाहणारे) आणि नोकरी देणारे लिंक्डइनवर असतात, छोटे मालक व्हॉट्सॲपवर. लिंक्डइनच्या हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, पण मोबाइलवर आधी सुरुवातच दिसते, म्हणून पदनाम मागे ढकला आणि ते वाक्य पुढे आणा. मात्र नोकरीत आहात तोवर त्यातून सेवा विकल्यासारखं वाटता कामा नये. ‘मशीनिंग पार्ट्स : ८डी, पीपीएपी, गेज आर अँड आर’ एवढं पुरे. ‘अबाउट’मध्ये २६०० अक्षरं बसतात, पण पहिल्या दोन-तीन ओळींनंतरचा मजकूर क्लिक केल्याशिवाय दिसत नाही. तिथे ‘हार्डवर्किंग, रिझल्ट ओरिएंटेड’ लिहिलं तर पुढे कोणी वाचत नाही. प्रोफाइल इंग्रजीत ठेवा, कारण शोधणारे इंग्रजीत शोधतात. पोस्ट मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. मराठीत असं नेमकं लिहिणारे फार थोडे आहेत आणि तुमचं गिऱ्हाईक मराठीतच विचार करतं.

व्हॉट्सॲपसाठी वेगळं सिम घ्या आणि बिझनेस ॲप वापरा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. इथे बहुतेक जण फसतात : शंभर कार्डांवरचे नंबर भरतात, संदेश पाठवतात आणि पलीकडे काही पोचतच नाही. म्हणून भेटीतच समोरच्याला नंबर सेव्ह करायला सांगा, आणि महिन्याला दोनच संदेश पाठवा. न विचारता ग्रुपमध्ये ओढणं आणि सणासुदीला स्वतःच्या फोटोसह शुभेच्छांचं डिझाइन पाठवणं, या दोन गोष्टींनी लोक तुम्हाला म्यूट करतात.

स्वतःच्या नावाचं डॉट इन डोमेन घेऊन ठेवा. घेताना पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहू नका, नूतनीकरणाचा पाहा. एक पान पुरतं. ट्रेडमार्कची घाई नको. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षं टिकते, पण काम सुरू होऊन वेगळं व्यवसायनाव ठरल्यावर ती करावी. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिचे पैसे मागणारी वेबसाइट दलालाची समजा.

पोस्टपेक्षा माझा जास्त भरवसा प्रत्यक्ष भेटीवर आहे. मराठा चेंबर (पुण्यातली उद्योजकांची संस्था), पिंपरी-चिंचवडमधल्या लघुउद्योजकांच्या संघटना, लघुउद्योग भारती अशा ठिकाणी जा आणि ‘परत आलेल्या ८डीची चिरफाड’ असं एखादं दोन तासांचं विनामूल्य सत्र घ्यायची तयारी दाखवा. अर्धा तास तुम्ही बोला, दीड तास त्यांनी आणलेले रिपोर्ट नावं झाकून तपासा. पन्नास स्लाइडचं प्रेझेंटेशन केलंत तर लोक टाळ्या वाजवून घरी जातील. त्यांच्या रिपोर्टवर लाल पेनने खुणा केल्यात तर तेच मागाहून फोन करतील.

नोकरीत आहात तोवर शिकवा, विकू नका. आणि एक गोष्ट अजिबात करू नका : तुमच्या कंपनीच्या व्हेंडरकडून सल्ल्याचे पैसे घेणं. ज्याच्या मालावर तुम्ही ओके किंवा रिजेक्टचा शिक्का मारता, त्याच्याकडून रविवारी फी घेतलीत, तर शिक्का खरा असला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. क्वालिटीच्या माणसाकडे विकायला शेवटी तेवढीच गोष्ट असते. ही बातमी औद्योगिक वसाहतीत लपत नाही, आणि नोकरी गेली नाही तरी नाव जातं.

पदव्यांबाबतही काटेकोर राहा. दोन दिवसांचं इंटर्नल ऑडिटर ट्रेनिंग केलं असेल तर तेच लिहा, ‘लीड ऑडिटर’ नको. ‘आयएटीएफ १६९४९ सर्टिफिकेट (वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाचं) हमखास मिळवून देतो’ असंही लिहू नका. प्रमाणपत्र स्वतंत्र प्रमाणन संस्था देते आणि तिला त्याच कंपनीला सल्ला देता येत नाही. जाणकार माणूस ती हमी वाचूनच पुढे जातो. वकील, सीए आणि डॉक्टर यांना तर जाहिरातीबाबत त्यांच्या परिषदांचे नियमच आहेत. त्यातलं कोणी हे वाचत असेल, तर आधी ते नियम वाचावेत.

लाइक मोजू नका. त्याच एक्सेलमध्ये दुसरं पान करा : तारीख, कोणी विचारलं, काय विचारलं, तुमचं नाव कुठून कळलं. सहा महिन्यांनी पाहा. लोक तुमच्याच विषयातलं विचारत असतील तर दिशा बरोबर आहे. ‘नोकरी आहे का’ किंवा ‘टेम्प्लेट पाठवा’ एवढंच येत असेल, तर तुम्ही मालकांसाठी न लिहिता स्वतःसारख्या इंजिनिअरांसाठी लिहीत आहात. मग विषय बदला : गेजच्या सूत्राऐवजी रिजेक्शनचा खर्च, परत आलेल्या मालाची वाहतूक, ग्राहकाने लावलेलं डेबिट (बिलातून कापलेली रक्कम).

नोकरी सोडल्यावरचं पहिलं काम छोटं आणि ठरीव ठेवा : एक दिवसाची पाहणी, तीन दिवसांत दोन पानी अहवाल, फी आधी ठरलेली, निम्मी आगाऊ. फुकट करू नका. फुकट दिलेल्या अहवालावर कारवाई होत नाही, आणि कारवाई झाली नाही तर दाखवायला निकालही राहत नाही. निकाल दिसल्याच्या आठवड्यातच मालकाकडून अभिप्राय घ्या. ‘दोन शब्द लिहा’ म्हटलं की ‘खूप छान काम’ मिळतं, त्याचा काही उपयोग नाही. त्याऐवजी विचारा : बोलावलंत तेव्हा अडचण काय होती, आता काय बदललं, आणि दुसऱ्या मालकाला माझ्याबद्दल काय सांगाल? उत्तरं त्याच्याच भाषेत ठेवा, व्याकरणही सुधारू नका, आणि नाव छापायची परवानगी व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या.