दुर्मीळ ग्रंथ विभागात पहिल्यांदा जाताना

प्रश्न असा आहे : कोल्हापूर संस्थानावर संशोधन सुरू केलंय, शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जुनी हस्तलिखितं आणि ग्रंथ पाहायचे आहेत, तयारी काय करू?

आधी एक गोष्ट पक्की करा. तुम्हाला हवा तो कागद विद्यापीठातच असेल असं नाही. संस्थानी कारभाराची दप्तरं राज्य शासनाच्या कोल्हापूर पुराभिलेखागारात आहेत, आणि जुन्या छापील पुस्तकांसाठी १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिरही पाहायला हवं. मार्गदर्शकांचं पत्र, ओळखपत्र आणि शिसपेन्सिल सोबत ठेवा. शाईचं पेन नको.

मोडी वाचता आली तरी नवख्याचे दिवस खातात त्या तारखा. पेशवाईच्या काळातल्या पत्रांत साल बहुधा सुहूर सनात असतं, तेही अरबी अंकशब्दांत आणि एककापासून सुरू होणारं. 'इहिदे सितैन मया अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, सुहूर ११६१. हे साल मृगापासून मृगापर्यंत चालतं. म्हणून इसवी सन काढायला मृग ते डिसेंबर या काळासाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मृग या काळासाठी ६००. पानिपतची लढाई (१४ जानेवारी १७६१) याच सालात येते, ताळा म्हणून एवढं लक्षात ठेवा. 'छ'पुढचा आकडा हा हिजरी महिन्यातला चंद्र, म्हणजे त्या महिन्याचा दिवस असतो, इंग्रजी तारीख नव्हे. घाईच्या लिखाणात 'सबैन' (७०) आणि 'तिसैन' (९०) यांची गल्लत झाली की पत्र वीस वर्षं सरकतं. तेव्हा मजकुरातली माणसं त्या साली हयात होती का, हे लगेच तपासा. राज्याभिषेक शक दिसला तर १६७३ मिळवा; नवं वर्ष ज्येष्ठ शुद्ध १३ ला लागतं, त्यामुळे जानेवारी ते ज्येष्ठ या काळातल्या पत्राला १६७४.

कागद मागण्याआधी फेरिस्त, म्हणजे दप्तरातल्या कागदांची यादी, नीट वाचा. टिपण करताना रुमाल (कागद बांधलेलं कापडी गाठोडं) क्रमांक, पुडक्याचा क्रमांक आणि कागदाचा क्रमांक तिन्ही लिहा. एक जरी राहिला तरी प्रबंध लिहिताना तो कागद परत सापडणं फार कठीण जातं. नक्कल करताना मूळचं ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका, आणि 'मौ।', 'रा।' असे संक्षेप आहेत तसेच उतरवा. अर्थ बाजूला लिहा.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. काजळीची शाई ओलाव्याने पसरते. कापडी हातमोजेही नकोत, त्यांनी बोटांना कडेचा अंदाज येत नाही आणि पान फाटतं. पुस्तक पूर्ण सपाट उघडलं तर जुनी शिवण तुटते, म्हणून दोन्ही बाजूंना आधार मागा. फोटोला परवानगी मिळाली तर फ्लॅश बंद ठेवा. पान फाटलेलं दिसलं तर चिकटपट्टी कधीच लावू नका. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि नंतर निघत नाही. कर्मचाऱ्यांना सांगा.

आणि जमलं तर जुलै-ऑगस्ट टाळा. इथल्या पावसाळी दमटपणात कागद मऊ पडतो, पानं एकमेकांना धरतात. चिकटलेली पानं तुम्ही स्वतः सोडवू नका.